एकच जुना नकाशा घ्यायचा असेल तर: बेलँ, टॅलिस की सर्व्हेचा मोठा तक्ता?

जुना नकाशा घ्यायला निघालेला माणूस दुकानदाराला आधी विचारतो, "किती साल जुना?" माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा: यात आपलं गाव सापडतं का, आणि सापडत असेल तर त्या साली तिथे राज्य कुणाचं होतं? या दोन गोष्टी कळल्या की कुठला नकाशा घ्यायचा हे बरंचसं ठरतं. वयाचं पुढे बघता येतं.

दिवाणखान्याची एक भिंत रिकामी आहे, नकाशा एकच घ्यायचा आहे आणि आवड मुंबई, कोकण, देश या मुलखाची आहे, असं धरून चालू. बाजारात सहज भेटणारे तीन प्रकार शेजारी शेजारी ठेवून बघू. हे तिन्ही छापील आहेत.

पहिला प्रकार फ्रेंच. झाक-निकोला बेलँ हा फ्रेंच आरमाराच्या नकाशा-कचेरीतला जलनकाशाकार. १७६४ साली त्याचा पाच खंडांचा छोटेखानी सागरी अॅटलस पॅरिसमध्ये निघाला. आशिया आणि आफ्रिका तिसऱ्या खंडात. मुंबई आणि तिच्या आसपासचा नकाशा, गोव्याचा नकाशा, असे आपल्याकडचे ताव त्यातून सुटे होऊन बाजारात येतात. छापील भाग जेमतेम २२ बाय १७ सेंटिमीटर, म्हणजे शाळेच्या वहीच्या पानाएवढा. पण तांब्याच्या पत्र्यावर हाताने कोरलेली रेघ कशी असते ते पाहायचं असेल तर हाच बघावा. किनाऱ्याची नागमोडी वळणं, फ्रेंच वळणाची नावं, आणि भोवती भरपूर मोकळा कागद. हा माणूस समुद्रावरून बघतो आहे हे लगेच कळतं. सगळं लक्ष बंदर, खाडी आणि बेट यांच्यावर. आतल्या मुलखात फारसं काही हाती लागणार नाही.

मला या नकाशाचं मोल वाटतं ते त्याच्या सालामुळे. १७६४ म्हणजे पानिपतानंतर तीन वर्षं, पुण्यात थोरले माधवराव. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये घेतलेली वसई आणि शेजारची साष्टी, म्हणजे वांद्र्यापासून ठाण्यापर्यंतचं बेट, अजून मराठ्यांकडे. इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला आणि साष्टी घेतली ती १७७४ च्या अखेरीस. वरळी आणि महालक्ष्मीमधली खिंड बुजवणारा हॉर्नबी वेलार्ड १७८४ च्या सुमाराचा, म्हणजे तोही वीस वर्षं पुढे. आज लोकलने माहीमची खाडी ओलांडताना आपल्याला काहीच वाटत नाही. त्या काळी ती दोन राज्यांमधली हद्द होती. मात्र एक लक्षात ठेवावं: तावावरचं साल हे छपाईचं असतं. माहिती त्याहून कितीतरी जुनी असू शकते, कारण युरोपातले नकाशाकार एकमेकांचं आणि जुन्या खलाशांचं बघूनच काढत. त्यामुळे हा नकाशा पुरावा म्हणून वापरताना जपून.

दुसरा प्रकार भिंतीवर सगळ्यात पटकन खुलणारा. लंडनच्या जॉन टॅलिसचा सचित्र अॅटलस १८५१ चा, नकाशे जॉन रॅपकिनने काढलेले. पोलादी पत्र्यावरचं कोरीव काम, चहूबाजूंनी वेलबुट्टीची चौकट आणि नकाशाच्या मोकळ्या जागांत छोटी छोटी चित्रं. त्यातला हिंदुस्थानचा ताव साधारण ३५ बाय २५ सेंटिमीटरचा, मध्यम फ्रेमला अगदी बेताचा. पाहुणा घरात आला की आधी याच्यापाशीच थांबेल, यात शंका नाही.

अडचण अशी की तो अख्ख्या हिंदुस्थानचा आहे. आपला मुलूख त्यात तळहाताएवढाही नाही. पुणे, सातारा, नागपूर सापडेल, पण कऱ्हाडजवळचं तुमचं गाव सापडणार नाही. ऐतिहासिक खूण म्हणून सालाला महत्त्व आहे: सातारचं राज्य नुकतंच खालसा झालेलं, नागपूर अजून भोसल्यांचं, वऱ्हाड निजामाकडे, आणि मुंबई-ठाणे रेल्वे अजून दोन वर्षं लांब. हे माहीत असलेल्यालाच तो बोलतो. बाकीच्यांना ते सुंदर चित्र आहे. त्यात वाईट काही नाही, फक्त घेताना आपण चित्र घेतोय हे मनाशी स्पष्ट असावं.

टॅलिस घेताना प्रकाशकाचं नाव वाचावं. छपाईचे पोलादी पत्रे पुढे लंडन प्रिंटिंग अँड पब्लिशिंग कंपनीकडे गेले आणि तेच नकाशे तिच्या नावाने पुन्हा निघाले. पहिल्या छपाईचा भाव लावून नंतरचा ताव गळ्यात मारला जाऊ शकतो.

आता तिसरा, आणि माझा जीव ज्यावर आहे तो. 'अॅटलस ऑफ इंडिया' या मालिकेतले सरकारी सर्व्हेचे तक्ते. इंचाला चार मैल हे प्रमाण, पहिले तक्ते १८२७ चे, पुढची अनेक दशकं नवे निघत आणि जुने सुधारत राहिले. यामागे त्रिकोणमितीने केलेली मोजणी आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजणारा विल्यम लॅम्टन हे काम करत करत उत्तरेकडे सरकला आणि १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे.

इंचाला चार मैल म्हणजे काय, ते असं बघा: पुण्यापासून सातारा सरळ रेषेत चौदा-पंधरा इंच. मधली गावं, ओढे, घाटवाटा, किल्ले, सगळ्यांना जागा आहे. समोच्चरेषा नाहीत. डोंगराचा उतार बारीक बारीक रेघांनी दाखवलेला, उतार जितका तीव्र तितक्या रेघा दाट. त्यामुळे सह्याद्रीची धार कागदावर काळ्याभोर केसाळ सुरवंटासारखी वळत जाते, आणि कोकणाकडचा कडा कुठे तुटतो ते बोटाने सांगता येतं. सजावट म्हणून केलेलं यात काही नाही, रंगही बहुधा नाही. तरी मी माझ्या आजीला असा तक्ता दाखवला तेव्हा ती भिंग घेऊन तासभर बसली, आणि माहेरच्या गावाचं इंग्रजी अक्षरांतलं वेडंवाकडं नाव सापडल्यावर त्यावरून बोट हलवेना. टॅलिसपुढे कुणी असं बसलेलं मी पाहिलेलं नाही.

याच्या अडचणीही सांगते. तक्ते मोठे, त्यामुळे फ्रेम महाग. बरेच तक्ते तुकडे करून कापडावर चिकटवलेले, घड्या पडलेले मिळतात. कापडावरचा तक्ता मी वाईट मानत नाही, तो वापरासाठी तसाच केला जाई, पण घड्यांवरची अक्षरं झिजलेली नाहीत ना ते बघावं. आणि साल ठरवताना रेल्वे बघावी. पत्र्यावर कोरलेलं साल १८५० च्या आधीचं आहे, पण भोर घाटातून रेल्वे गेलेली दिसते, तर तो छापा १८६३ नंतरचाच.

हात आखडता असेल तर पुण्याच्या सरकारी फोटोझिंकोग्राफिक कचेरीत (म्हणजे फोटो घेऊन जस्ताच्या पत्र्यावरून) छापलेले जिल्ह्याचे किंवा तालुक्याचे नकाशे शोधावेत. कोरीव कामाची नजाकत त्यात नाही, पण गाव हमखास आहे.

पैशाचं म्हणाल तर बेलँ आणि टॅलिस यांचे भाव अवस्थेवर आणि रंगावर हलतात. रंगाबाबत एक सावधगिरी. या काळातले बरेच ताव काळ्या शाईत छापून फक्त सीमारेषा हाताने रंगवलेले असत. अख्खा ताव गुलाबी-हिरवा झगमगत असेल तर तो रंग अलीकडे भरलेला असण्याची शक्यता मोठी. दिसायला तो वाईट नाही, पण विक्रेत्याने तसं सांगायला हवं, आणि त्यासाठी जास्त पैसे देऊ नयेत.

अस्सल-नक्कल ओळखायला तीन गोष्टी पुरतात. भिंगातून बघा: रेघेच्या जागी ठिपक्यांची जाळी दिसली की ती आधुनिक छपाई. पत्र्याच्या कडेचा दाबलेला वळ कागदावर बोटाला लागतो का बघा, पण समास कापलेल्या तावावर तो नसेलही. आणि ताव उजेडासमोर धरा: बेलँच्या काळातल्या कागदात ठरावीक अंतरावर समांतर रेषा दिसतात, चाळणीच्या तारांच्या. शिवाय बेलँच्या त्या अॅटलसातल्या तावावर वरच्या कोपऱ्यात खंडाचा आणि नकाशाचा क्रमांक कोरलेला असतो. तो नसेल तर ताव खोटाच असं नव्हे, बेलँचे नकाशे दुसऱ्या ग्रंथांतही गेले आहेत. मग विक्रेत्याला 'कशातून निघाला' हे विचारावं.

हे विचारण्याला आणखी एक कारण आहे. धडधाकट अॅटलस फाडून पानं विकणं आजही चालतं, आणि मला ते सहन होत नाही. पूर्वीच सुटा झालेला ताव घ्यावा. कुणी 'पेशवेकालीन मोडी नकाशा' पुढे केला तर लगेच पैसे काढू नयेत. हाताने काढलेले मोडी नकाशे ही फार दुर्मीळ गोष्ट आहे, आणि अस्सल असेल तर त्याची जागा भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेत आहे.

परदेशात राहणाऱ्यांनी मुंबई-पुण्यात घेऊन बॅगेतून नेण्याचा विचार करू नये. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि ऐतिहासिक मोलाच्या कागदपत्रांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. लंडन-न्यू जर्सीच्या मंडळींना हे तिन्ही प्रकार तिकडेच मिळतात.

मुंबई-कोकणाशी नातं असेल आणि भिंत लहान असेल तर बेलँ घ्या. देशावरचे, वऱ्हाडातले असाल तर तक्ताच, दुसरा विचार नको. टॅलिस मी भेट देण्यासाठी सुचवेन.

फ्रेमवाल्याकडे मात्र स्वतः उभं राहा. लॅमिनेशन नको, डिंक-फेव्हिकॉल नको, मागे सेलोटेप तर नकोच. माउंट आम्लरहित बोर्डाचा, काच आणि कागद यांच्यात अंतर राखणारा. ऊन येणारी भिंत टाळावी आणि पावसाळ्यात ओल धरणारीही. माझा पहिला नकाशा बाहेरच्या भिंतीवर होता. दोन पावसाळ्यांत त्यावर तांबूस ठिपके उमटले आणि खालच्या कडेला कसर लागली. आता प्रत्येक फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावते, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात वारा खेळतो, आणि श्रावण सरला की एकदा उतरवून पाठ बघते.