व्हिडिओतला ॲम्प्लिफायर एक, हाती आलेला दुसराच

एखाद्या नव्या ऑडिओ ब्रँडचा ॲम्प्लिफायर केवळ व्हिडिओ रिव्ह्यू पाहून घ्यायच्या विचारात असाल, तर आधी हे वाचा. माझी फसवणूक कशी झाली ते तपशिलात लिहितो आहे, कारण ती पद्धत एका ब्रँडपुरती नाही. उद्या दुसऱ्या नावाने, दुसऱ्या वस्तूच्या बाबतीत तेच होईल.

वस्तू साधी होती. टेबलावर मावणारा छोटा क्लास-डी (वीज कमी वाया घालवणारा) ॲम्प्लिफायर, सोबत बाहेरचा अडॅप्टर. ब्रँडचं नाव तोवर कुणी ऐकलेलं नव्हतं. कुठे जाऊन ऐकून बघायची सोय नाही, वापरलेला कुणी ओळखीत नाही, जुन्या मालाच्या बाजारात एकही नग नाही. अशा वेळी माणूस व्हिडिओच बघणार. आणि व्हिडिओ भरपूर होते, जवळजवळ एकाच आठवड्यात वेगवेगळ्या चॅनेलवर आलेले. प्रत्येकाच्या तोंडी एकच आकडा होता: डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला ३०० वॅट. शब्दसुद्धा सारखेच, ‘दुप्पट किमतीच्या ॲम्प्लिफायरला मागे टाकेल’ वगैरे. त्यात दोघे असे होते की ज्यांना मी बरीच वर्षं बघत आलोय आणि ज्यांच्या सांगण्यावरून आधी घेतलेल्या वस्तू खरोखर चांगल्या निघाल्या होत्या. विश्वास बसला तो त्यांच्यामुळे.

ॲम्प्लिफायर आला, जोडला. हळू आवाजात तो चांगला वाजायचा. हे मुद्दाम सांगतो. वस्तू अगदीच टाकाऊ असती तर फसवणूक पहिल्याच दिवशी उघडी पडली असती. माझे स्पीकर ८ ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) आहेत आणि त्यांची सेन्सिटिव्हिटी कमी, ८४ डेसिबल; म्हणजे त्यांना ताकद लागते, आणि ३०० वॅटच्या आकड्याचं आकर्षण मला त्यासाठीच होतं. आवाज वाढवला की ड्रमचा ठोका बोथट व्हायचा, ऑर्केस्ट्रा चढत गेला की सगळं सपाट होऊन कानाला टोचायला लागायचं. हे क्लिपिंग होतं, म्हणजे ताकद संपल्यामुळे लहरीचं शिखर कापलं जाणं. एका साध्या खोलीत, त्या पातळीला, ३०० वॅटच्या ॲम्प्लिफायरची अशी दमछाक व्हायचं काही कारण नाही.

मग अडॅप्टर उलटा करून लेबल वाचलं. ३२ व्होल्ट, ५ ॲम्पिअर. गुणाकार केला की १६० वॅट. ज्या यंत्राला आत १६० वॅट मिळतात ते बाहेर दोन्ही मिळून ६०० वॅट देऊ शकत नाही. आतले कपॅसिटर क्षणभर थोडी जास्तीची ऊर्जा पुरवतात हे खरं, पण व्होल्टेजची मर्यादा त्यांनाही ओलांडता येत नाही. या प्रकारच्या ॲम्प्लिफायरमध्ये ३२ व्होल्टच्या पुरवठ्यावर लहरीचं शिखर फार तर ३२ व्होल्टपर्यंत जातं. शिखराचा वर्ग करा, त्याला दोनने भागा आणि मग स्पीकरच्या ओहमने भागा. ८ ओहमला उत्तर येतं ६४ वॅट, ४ ओहमला १२८. हीसुद्धा कागदावरची कमाल. प्रत्यक्षात त्याहून कमीच मिळणार.

तर ३०० चा आकडा आला कुठून? आत टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए३२५५ ही चिप होती. चिप उत्तम आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तिच्या डेटाशीटमध्ये (तांत्रिक माहितीपत्रकात) प्रत्येक चॅनेलला, म्हणजे डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला, ३१५ वॅट असं लिहिलेलं आहे, पण ते ४ ओहमच्या लोडवर, ५० व्होल्टच्या वरच्या पुरवठ्यावर आणि १० टक्के डिस्टॉर्शन धरून. १० टक्के डिस्टॉर्शन म्हणजे आवाज उघडउघड फाटलेला. ब्रँडने चिपचा आकडा उचलून खोक्यावर छापला आणि रिव्ह्यू करणाऱ्यांनी तो खोक्यावरून वाचून दाखवला.

वॅटचे फुगवलेले आकडे ही जुनीच लबाडी आहे. ती इतकी बोकाळली होती की अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला १९७४ साली खास ॲम्प्लिफायरच्या जाहिरातींसाठी नियम करावा लागला. २०२४ मध्ये तो सुधारला: स्टिरिओ ॲम्प्लिफायरची ताकद ८ ओहमवर, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या पूर्ण पट्ट्यात आणि १ टक्क्याहून कमी डिस्टॉर्शनला मोजून सांगायची. ही कसोटी लावली असती तर माझ्या खोक्यावर ६० च्या आसपासचा आकडा असता आणि मी तो घेतलाच नसता.

इथपर्यंत ही फक्त खोट्या आकड्याची गोष्ट होती. खरा धक्का बसला तो व्हिडिओ पुन्हा पाहताना. सगळ्यांना तो चांगला कसा वाटला, हा प्रश्न मला सोडत नव्हता. म्हणून प्रत्येक व्हिडिओ जोडणीच्या प्रसंगाशी थांबवून बघितला. त्यांच्या टेबलावरचा अडॅप्टर माझ्या अडॅप्टरच्या जवळपास दुप्पट होता. एका व्हिडिओत लेबल स्पष्ट वाचता येत होतं: ४८ व्होल्ट, १० ॲम्पिअर. वरचाच हिशेब ४८ व्होल्टला करून बघा. ८ ओहमला १४४ वॅट, ४ ओहमला २८८. म्हणजे रिव्ह्यू करणाऱ्यांनी जे ऐकलं ते खरंच जोमदार असणार. फक्त ती वस्तू गिऱ्हाइकाला मिळणारी नव्हती. नमुना एक पाठवायचा आणि माल दुसरा विकायचा, हे ठरवून केलेलं होतं.

ज्या दोघांमुळे माझा विश्वास बसला होता, त्यांना मी लिहिलं. एकाचं उत्तर आलं, आणि ते प्रामाणिक वाटलं. नग थेट कंपनीकडून आला होता, विक्रीच्या खोक्यात काय असतं हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. व्हिडिओ अमुक तारखेआधी टाकायचा नाही ही अट होती. सोबत मुद्द्यांचा एक कागद आला होता, त्यात ३०० वॅट होते आणि ‘दुप्पट किमतीचं’ ते वाक्यही होतं. नग परत मागितला नव्हता. वर्णनातल्या लिंकवरून विक्री झाली की कमिशन. दुसऱ्यांनी उत्तर दिलं नाही. त्यांच्या व्हिडिओखाली मी सभ्य शब्दांत टाकलेली कॉमेंट मात्र दुसऱ्या दिवशी दिसेनाशी झाली.

त्या एका उत्तरात सगळी यंत्रणा आहे. रिव्ह्यू करणारा प्रत्येक जण विकला गेलेला असतो असं मी म्हणत नाही, मला तसं वाटतही नाही. पण नमुना कुणाला द्यायचा हे कंपनी ठरवते, आणि ज्याने मागच्या वेळी टीका केली त्याला पुढचा नमुना येत नाही. तारीख बांधून दिल्यामुळे सगळे व्हिडिओ एकदम येतात. महिनाभर वापरून बोलणाऱ्याचं मत येईपर्यंत खरेदीची लाट ओसरलेली असते. कमिशनचं गणित तर सरळ आहे: ‘घेऊ नका’ असं सांगणाऱ्या व्हिडिओतून लिंकवर एकही विक्री होत नाही. अशी दहा माणसं वेगवेगळ्या आवाजात बोलतात तेव्हा ऐकणाऱ्याला दहा साक्षीदार मिळाल्यासारखं वाटतं. इथे साक्षीदार एकच होता, आणि तो विक्रेता होता.

‘कंपनीने मला पैसे दिलेले नाहीत, मतं माझी आहेत’ हे वाक्य जवळपास प्रत्येक व्हिडिओत होतं. ते शब्दशः खरं होतं, आणि तेवढ्यावरच मला राग येतो. फुकट मिळालेली वस्तू हाही व्यवहारच असतो. फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्येच आपली मार्गदर्शक तत्त्वं सुधारून ब्लॉग लिहिणाऱ्यांनाही लागू केली, आणि फुकट वस्तू मिळाली असेल तर तसं सांगायला हवं हे स्पष्ट केलं. तेव्हा ते वाक्य ऐकलं की तीन गोष्टी विचारा. नग परत केला का? लिंकवर कमिशन आहे का? टाकण्याआधी व्हिडिओ कंपनीला दाखवला होता का?

आता ‘फरक स्वतःच ऐका’ म्हणून दाखवतात त्याबद्दल. खोलीत माइक ठेवून रेकॉर्ड केलेला आवाज, त्यावर यूट्यूबचं कॉम्प्रेशन, मोठ्या आवाजाचे व्हिडिओ साधारण उणे १४ एलयूएफएसपर्यंत (हे आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप) खाली आणणारं नॉर्मलायझेशन, आणि शेवटी तुमचा फोन किंवा तुमचे हेडफोन. दोन बऱ्या ॲम्प्लिफायरमधला फरक या सगळ्यातून पार होऊन तुमच्या कानापर्यंत येत नाही. तुम्ही ऐकता ते तुमचेच हेडफोन. त्यातून एका व्हिडिओत जुना आणि नवा ॲम्प्लिफायर दोन्हींची नॉब अर्ध्यावर ठेवून तुलना केली होती. दोघांचा गेन (आवाज किती पट वाढवायचा ते प्रमाण) वेगळा, त्यामुळे नवा जास्त मोठ्याने वाजला आणि ‘बघा किती जिवंत आहे’ असं सांगितलं गेलं. एक डेसिबलहूनही कमी फरक असला तरी मोठा आवाज कानाला अधिक चांगला वाटतो. स्पीकरच्या टर्मिनलवर व्होल्टमीटर लावून पातळी जुळवल्याशिवाय केलेल्या तुलनेला काही अर्थ नाही.

खरं सांगणारा एक व्हिडिओ होता. लहान चॅनेल, फार कमी लोकांनी पाहिलेला, बाकीच्यांनंतर कितीतरी उशिरा आलेला. त्या माणसाने नग स्वतःच्या पैशाने घेतला होता, सीलबंद खोकं कॅमेऱ्यासमोर उघडलं, अडॅप्टरचं लेबल वाचलं, स्पीकरऐवजी ८ ओहमचे रेझिस्टर लावून ऑसिलोस्कोपवर (विजेची लहर पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) क्लिपिंग कुठे सुरू होतं ते दाखवलं. ६० वॅटच्या आतच. ब्रँडच्या नावाने शोधलं तर हा व्हिडिओ यादीत पार तळाशी. नावापुढे ‘अडॅप्टर’ किंवा ‘मेजरमेंट’ असा शब्द जोडून शोधलं तर वर येतो. नवी वस्तू घेण्याआधी असे शब्द जोडून शोधून बघा.

पैशांचं काय झालं तेही सांगतो. विक्रेत्याने आधी ‘खोकं उघडलं आहे’ म्हणून परत घ्यायला नकार दिला, मग मोठा अडॅप्टर वेगळा विकत घ्या असं सुचवलं. मी तक्रार लावून धरल्यावर उत्पादनाच्या पानावरचे ‘३०० वॅट’ गुपचूप ‘३०० वॅटपर्यंत, अडॅप्टरनुसार’ झाले. जुन्या पानाचा स्क्रीनशॉट माझ्याकडे होता. तो, लेबलचा फोटो आणि वरचा हिशेब जोडून कार्ड देणाऱ्या बँकेकडे ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ असा डिस्प्यूट टाकला. बराच पत्रव्यवहार झाला, पण पैसे परत आले. ज्यांच्याकडे स्क्रीनशॉट नव्हता अशा दोघांशी नंतर माझं बोलणं झालं. त्यांचे दावे फेटाळले गेले, कारण बँकेने पाहिलं तेव्हा पानावर ‘पर्यंत’ हा शब्द होता.

म्हणून ऑर्डर देण्याआधी पूर्ण पान साठवून ठेवा, आणि विक्रेत्याला लेखी विचारा: खोक्यात येणाऱ्याच अडॅप्टरवर, ८ ओहमला, दोन्ही चॅनेल एकाच वेळी चालू असताना, किती डिस्टॉर्शनला सलग किती वॅट मिळतात? उत्तरात आकडा आला नाही तर घेऊ नका.