इलेक्ट्रिक रील, चारशे मीटर दोरी आणि एओलियनची माकुलं

मे ते ऑक्टोबर आम्ही दोघं ३६ फुटी शिडाच्या बोटीवर इटलीतल्या सिसिली बेटाच्या उत्तरेला, एओलियन बेटांच्या आसपास होतो. निघण्याआधी मासेमारीची दोरी मोटरने गुंडाळणारी, १२ व्होल्टवर चालणारी इलेक्ट्रिक रील घेतली. किंमत सांगत नाही, आईला हे कुणीतरी वाचून दाखवेलच.

ही बेटं म्हणजे समुद्रातून डोकं वर काढलेले ज्वालामुखी. काठापासून थोडं आत गेलं की तळ शेकडो मीटर खाली. इथली उन्हाळ्यातली खास मासळी तोतानो, आपल्या माकुलाचा खोल पाण्यातला दांडगा भाऊ. दिवसा तो खूप खाली असतो, रात्री वर सरकतो. त्याच्यासाठी तोतानारा वापरतात: खाली टोकदार काट्यांचं कडं, वर लुकलुकणारा दिवा. काट्यांना उलटी दातरी नसते, त्यामुळे ओढताना क्षणभर ढील पडली की माकूल सुटलं.

रीलचे पैसे वसूल होतात ते इथेच. पहिल्या आठवड्यात आम्ही हौसेने हाताने ओढलं. वीस मिनिटं लागली, बोटं कापली आणि वर नुसतेच काटे आले. रील मात्र एकाच लयीत ओढते, न थांबता. स्ट्रॉम्बोली या जागत्या ज्वालामुखीच्या बेटाच्या बाजूला एका रात्री पाच तोतानो आले. मध्येच डोंगर लाल होऊन विझायचा. ऑगस्टमध्ये वरचं पाणी कोमट होतं, पण माकूल हातात घेतलं तर फ्रीजमधून काढल्यासारखं गार. तिथे खाली बारा महिने १३-१४ अंशच असतात. पाचांवर थांबलो, कारण इटलीत हौशी मासेमारीला माणशी दिवसाला ५ किलोची मर्यादा आहे.

आता तक्रारी. पहिली रीलची नाही, आमचीच. शिडाची बोट या कामाची नव्हे. डोलकाठीच वारा धरते, बोट वाहत जाते आणि दोरी तिरकी होते. ४०० मीटर खोलीला साडेपाचशे मीटर दोरी सोडावी लागली आणि शिसं तळाला लागलं की नाही तेच कळेना. शेवटी वाऱ्याकडे बोटीची पाठ करून इंजिन हळू रिव्हर्समध्ये ठेवायला शिकलो. त्यातही एकदा दोरी सुकाणूला गुंडाळली. अंधारात, कपाळावर टॉर्च लावून नवरा पाण्यात उतरला. त्या रात्री आमच्यात फारसं बोलणं झालं नाही.

दुसरी तक्रार रीलवरच्या मीटरची. दोरी ताण न देता भरलेली असली तर खोलीचा आकडा खोटा येतो. दुकानदाराने भरून दिलेली आम्ही उलगडून, ओल्या फडक्यातून घट्ट ओढत पुन्हा भरली, तेव्हा आकडा सुधारला. तिसरी: चौथ्या महिन्यात वायरचा जोड खारट पाण्याने हिरवा पडला आणि रील मधेच बंद पडू लागली. सर्व्हिस सेंटरचं उत्तर आलं, खाऱ्या पाण्याचं नुकसान वॉरंटीत बसत नाही. समुद्रात मासे धरायची रील! आम्ही जोड कापून जाड वायर थेट बॅटरीपर्यंत नेली, फ्यूज घातला. तेव्हापासून ठीक.

सार्डिनचं आमिष लावून खाली सोडलं तर स्पातोला मिळायचा, दीड मीटरचा चांदीचा पट्टा, आपली वाकटी मोठी झाल्यासारखा. दात असे की तंगूस सुतासारखं कापतो, त्यामुळे शेवटच्या हातभर स्टीलची तार हवीच. रव्यात घोळवून तळला. एकदा ४५० मीटरवरून वीतभर काळा शार्क आला, पाठीवर दोन काटे, पोटाखाली प्रकाश देणाऱ्या पेशी. तो लगेच सोडला.

खरं सांगायचं तर जेवणाला जास्त मासे साध्या हातदोरीने दिले. पाच-सहा नॉट वेगात मागे ५० मीटर तंगूस, रबराचा ऑक्टोपस, टोकाला ताणायला सायकलची जुनी ट्यूब. सप्टेंबरपासून लाम्पूगा, म्हणजे माहीमाही मासा, यायचा. कोळ्यांनी ताडाच्या झावळ्या बांधून तरंगत ठेवलेल्या असतात, त्यांच्या सावलीला तो जमतो. जवळून जा, पण बोटीच्या कीलमध्ये, म्हणजे तळाच्या पात्यात, त्यांची दोरी अडकवू नका, आणि गळ त्यांच्या झावळीवर टाकू नका. ती त्यांची मेहनत.

तर रील घ्यायचीच असेल तर हाताने फिरवायचा दांडाही असलेली घ्या. आमच्यात नाही. बॅटरी गेली त्या रात्री साडेतीनशे मीटर दोरी हातमोजे घालून ओढली, आणि टोकाला नुसता दिवा लुकलुकत होता.