गाडी ओढत नाही: आधी कार्ब्युरेटर उघडायचा की ब्रेक?

जुन्या गाडीचा पिकअप गेला की पहिला हात कार्ब्युरेटरला (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) लागतो. बॉनेट उघडलं की तोच समोर दिसतो, दुसरं काय! पण हीच तक्रार जाम झालेल्या ब्रेकचीही असते, आणि दोन्हींतला फरक कळायला पानासुद्धा लागत नाही. दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवा, शेवटी ब्रेक कमीत कमी वापरून थांबवा आणि चारही चाकांच्या रिमजवळ तळहात न्या. थेट ड्रमला लावू नका, भाजेल. एकच चाक धग मारत असेल तर कार्ब्युरेटरला हात लावू नका. चारही चाकं सारखी, सपाट रस्त्यावर न्यूट्रलमध्ये गाडी मोकळी घरंगळते आणि प्लग-पॉइंट-टायमिंग (ठिणगीची बाजू) ठीक आहे, तर पेट्रोलच्या बाजूला वळा.

पेट्रोल पोचत नाही, की पोचून बिघडतं?

उभ्या गाडीत रेस छान घेते पण चढावर किंवा वेगात दम सोडते, तेव्हा पेट्रोल कमी पडतंय. वेगात ठीक पण आयडलिंगला (पेडल सोडून इंजिन नुसतं चालू असताना) बंद पडते, तेव्हा पायलट जेट (आयडलिंगचं पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) चोंदलाय किंवा कुठून तरी जादा हवा ओढली जातेय. पेडल दाबताक्षणी अडखळली तर ॲक्सिलरेटर पंप बघा: इंजिन बंद, एअर फिल्टर बाजूला, थ्रॉटल हाताने फिरवा. कार्ब्युरेटरच्या घशात बारीक पण सलग धार पडायला हवी. नुसता थेंब आला तर बहुधा त्याचा डायफ्रॅम (रबरी पडदा) कडक झालाय.

पुरवठा कमी असेल तर सुरुवात टाकीच्या झाकणापासून. गाडी बंद पडल्यावर झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि नंतर गाडी सुरू झाली, तर हवेची वाट बंद आहे. मग फिल्टर आणि शेवटी पंप. इग्निशन कॉइलची वायर काढा, कार्ब्युरेटरकडे जाणारा पाइप बाटलीत सोडा, स्टार्टर मारा. ठोक्यागणिक जोरदार पिचकारी यायला हवी. त्याआधी डिपस्टिकचा वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास आणि पातळी वर चढलेली असेल, तर पंपाचा डायफ्रॅम फाटून पेट्रोल इंजिनच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतंय. पंप आणि ऑइल दोन्ही बदलेपर्यंत इंजिन चालवायचं नाही, बेअरिंग जातील.

इलेक्ट्रिक पंप लावावा का? गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहत असेल किंवा उन्हाळ्यात पाइपात वाफ अडकत असेल तर फायदा आहे. पण असे बहुतेक कार्ब्युरेटर साधारण 3 ते 5 पीएसआयवर चालतात. जास्त दाबाचा पंप पेट्रोल अडवणारी निडल उचलून धरतो आणि पेट्रोल ओव्हरफ्लो होतं. त्यामुळे रेग्युलेटर हवा, आणि इंजिन थांबलं की पंप बंद करणारा स्विचही हवा. एवढं करायचं नसेल तर मूळ मेकॅनिकल पंपच ठेवा.

कार्ब्युरेटर: किट की नवा?

निर्णय थ्रॉटलच्या शाफ्टवर ठरतो. शाफ्ट धरून वर-खाली हलवा. खेळ जाणवला तर गार इंजिन आयडलिंगला ठेवून शाफ्टच्या टोकांवर कार्ब्युरेटर क्लीनरचा छोटा फवारा मारा. आवाज बदलला म्हणजे तिथून हवा जातेय, आणि साध्या किटमध्ये (दुरुस्तीच्या सुट्या भागांचा संच) त्यावर उपाय नसतो. मग शाफ्टला बुश (शाफ्ट घट्ट धरणारी बारीक नळी) बसवून घ्या किंवा दुसरा कार्ब्युरेटर शोधा. शाफ्ट घट्ट असेल तर मात्र किटच बरं. आपल्या इंजिनासाठी जुळवलेले जेट असलेली जुनी बॉडी, भलत्याच जेटच्या नव्या नकलेपेक्षा केव्हाही चांगली. जेट हवेच्या दाबाने साफ करा, तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि गाडी कायमची पेट्रोल प्यायला लागते.

ब्रेकमध्ये हिशेब उलटा

तापलेलं चाक जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा आणि ब्लीडर निपल (ब्रेकमधली हवा काढायचा स्क्रू) किंचित सैल करा. चाक मोकळं झालं तर दाब आत अडकलाय: रबरी होज आतून फुगलाय, किंवा मास्टर सिलेंडरमधून (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देणारा सिलेंडर) ऑइल परत यायची वाट बंद आहे. एकच चाक धरत असेल तर बहुधा होज. निपल सोडूनही चाक जाम, तर दोष चाकातच: गंजलेला पिस्टन, तुटलेली स्प्रिंग, अडकलेली हँडब्रेकची केबल.

पेडल स्पंजसारखं लागणं म्हणजे हवा. दोनदा मारल्यावर वर येणं म्हणजे हवा किंवा शू आणि ड्रममधलं अंतर वाढलेलं. पाय दाबून धरल्यावर हळूहळू खाली जातंय आणि बाहेर कुठेच ओल नाही, तर मास्टर सिलेंडरचे रबरी वॉशर गेलेत.

इथे किट फक्त एकाच अवस्थेत चालतं: सिलेंडरची आतली भिंत आरशासारखी असेल तर. नखाला खड्डा लागला की नवा, आणि चाकाचा सिलेंडर असेल तर एका ॲक्सलवर दोन्ही बाजूंना. घासून खड्डे जात नाहीत, नवे वॉशर काही दिवसांत कापले जातात. एअर काढताना जुन्या मास्टर सिलेंडरचं पेडल तळापर्यंत दाबू नका. रोजच्या वापरात न लागणाऱ्या गंजलेल्या भागावरून वॉशर जातो आणि चालू सिलेंडर तिथेच बाद होतो. पेट्रोलने धुणं किंवा इंजिन ऑइल टाकणं तर नकोच. सगळी रबरं फुगतात आणि मास्टरपासून चाकापर्यंत सगळी बदलावी लागतात.

दोन्हींत बसणारा एक दोष

आयडलिंग बिघडलंय आणि ब्रेक दाबला की आणखी बिघडतं. कार्ब्युरेटर कितीही ट्यून करा, फरक पडणार नाही. गाडीला व्हॅक्यूम बूस्टर (इंजिनाच्या ओढीने ब्रेक हलका करणारा डबा) असेल तर त्याचा पाइप काढून मॅनिफोल्डचं (इंजिनात मिश्रण नेणारी नळी) तोंड बंद करा (फक्त उभ्या गाडीत). आयडलिंग सुधारलं तर बूस्टर, त्याचा व्हॉल्व्ह किंवा तो पाइप गळतोय. सोबत ब्रेक ऑइल कमी होत असेल, चाकांशी ओल नसेल आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल, तर मास्टर सिलेंडरच्या मागच्या सीलमधून ऑइल बूस्टरमध्ये आणि तिथून इंजिनात जातंय. नुसता मास्टर बदलून भागत नाही. बूस्टर काढून आतलं ऑइल ओता, आणि डायफ्रॅम फुगला असेल तर बूस्टरही बदला.