घड्याळजीचं भिंग, तेरची खापरं

बार्शीत चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. डोळ्यात भिंग अडकवायची सवय हाडात मुरलेली, पण ते तीन-चार पटीचं, खापरांना पुरत नाही. म्हणून हे घडीचं भिंग ऑनलाइन मागवलं, 290 रुपयांना.

वर '30 पट' छापलंय. साफ खोटं. 30 पट असतं तर खापर 8 मिलिमीटरवर धरावं लागलं असतं. हे चांगलं इंचभरावरून स्वच्छ दाखवतं, म्हणजे 10 पट झालं. मला 10च हवं होतं. खरं छापलं असतं तरी घेतलं असतंच की!

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला मेहुण्यांचं शेत पांढरीला, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाला लागून आहे. नांगरट झाली की बांधावर खापरांचा सडा. संरक्षित टेकाडावरचं काही उचलायचं नाही, तो गुन्हा आहे. बांधावरचंही मी बघतो आणि होतं तिथेच ठेवतो.

पहिलंच खापर काठाचं निघालं. आतून आणि ओठाला काळं, बाहेरून लाल. सातवाहनांच्या काळातली अशी खापरं तेरला मिळतात. हा काळा रंग दिलेला असणार, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. भिंग तुटलेल्या कडेवर धरलं. रंग असता तर रेघ दिसली असती. इथे काळं हळूहळू लालात विरत गेलेलं. भांडं पालथं भाजलं की आत हवा पोचत नाही, तेवढा भाग काळा राहतो. दहा मिनिटं मी ते खापर सोडलं नाही. चहा गार झाला.

दुसऱ्यात भुसा जळून राहिलेल्या लांबट पोकळ्या दिसल्या. तिसऱ्याला आतून उथळ खळगे होते: आत दगड धरून बाहेरून थापटण्याने, म्हणजे कुंभाराच्या लाकडी फळीने ठोकल्याची खूण. गोरोबाकाकांच्या गावात थापटण्याची खूण! त्यांच्याही हजारेक वर्षं आधीच्या कुणा कुंभाराची असेल. मेहुणे म्हणाले, "भाऊजी, तुमचं डोकं ठोकून बघायला हवे होते काका."

भिंगातले दोन दिवे बिनकामाचे. समोरून उजेड पडला की खळगे सपाट दिसतात. सकाळचं तिरपं ऊन बरं. दृश्याच्या कडेला निळी-पिवळी किनार येते, या किमतीत ती येणारच. बिजागरीचा स्क्रू आठवड्यात ढिला झाला. मी माझ्या पेचकसाने आवळला, पण प्रत्येकाच्या घरी तो नसतो.

रामलिंगप्पा लामतुरे यांनी तेरमध्ये जन्मभर जमवलेल्या वस्तूंचं सरकारी संग्रहालय गावातच आहे. तिथे भिंग नेऊ नका. इंचभरावरून बघायचं तर काच मध्ये येते. तिथे नुसते डोळे न्यावेत आणि वेळ काढून जावं.

पाचात साडेतीन. सोबतची रेग्झिनची पिशवी दुसऱ्याच दिवशी उसवली; भिंग सध्या चष्म्याच्या घरात राहतंय.