नवरा तिकडे, बायको इकडे : माफी मागावी की बंदी मोजावी?

अठ्ठावीस वर्षे मी ग्रामसेवक होतो. वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यातली कितीतरी लग्नं माझ्या सहीने रजिस्टरात चढली. पण स्वतःच्या पोरीचा विवाह दाखला अमेरिकेत नवऱ्याकडे जायच्या व्हिसासाठी काढायची पाळी आली तेव्हा कळलं, की या सगळ्या भानगडीत दाखला म्हणजे सगळ्यात सोपा कागद. आता नात्यागोत्यात कुणाची सून इकडे अडकली, की माणसं माझ्या ओसरीवर येऊन बसतात. पाणी पिऊन झालं की पहिला प्रश्न ठरलेला : "काका, वेव्हर करावं का थांबावं?"

आधी त्या वेव्हर शब्दाचा गुंता सोडवू, कारण तालुक्याच्या गावी बसलेले एजंट याच गुंत्यावर जगतात. एक असतं मुलाखतीचं वेव्हर, लोक त्याला ड्रॉपबॉक्स म्हणतात. टुरिस्ट किंवा एच-४ (तिकडे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या बायकामुलांचा व्हिसा) अशा तात्पुरत्या व्हिसाच्या नूतनीकरणाला पूर्वी मुलाखत माफ व्हायची. २ सप्टेंबर २०२५ पासून ती सवलत फार आवळली आहे, एच-४ वाल्या बायकांनाही आता बहुतेक वेळा खिडकीसमोर उभं राहावंच लागतं. दुसरं वेव्हर म्हणजे अपात्रतेची माफी. पूर्वी मुदतीपेक्षा जास्त राहिलात, फॉर्मवर खोटं लिहिलं, म्हणून कायद्याने दार बंद झालं असेल तर ते उघडण्याचा अर्ज. या दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. "वेव्हर मिळवून देतो, ऐंशी हजार द्या" असं कुणी म्हणालं, तर कोणतं, एवढंच विचारा. आमच्याकडे आलेल्या गृहस्थाला ते सांगता आलं नव्हतं.

आमची गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचे आकडे कशाचे ते कळेल. पोरगी १५ जानेवारी २०२० ला टुरिस्ट व्हिसावर आत्याकडे गेली. आय-९४ वर, म्हणजे तिकडे उतरल्यावर होणाऱ्या प्रवेशाच्या नोंदीवर, मुदत होती १४ जुलैपर्यंत. मधे कोरोना, त्यात आत्याचं ऑपरेशन. मुदतवाढीचा अर्ज करायचा असतो हे आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि ओळखीतल्या एका शहाण्याने सांगितलं, "या वर्षी कोण मोजतंय?" ती निघाली १० फेब्रुवारी २०२१ ला. मोजणारे मोजत होते. मुदत संपल्यावर १८० दिवसांपेक्षा जास्त पण वर्षाच्या आत राहून देश सोडला, तर ३ वर्षांची बंदी. वर्ष किंवा त्याहून जास्त, तर १० वर्षांची. पोरीचे भरले सुमारे २१० दिवस. म्हणजे १० जानेवारीपर्यंत विमानात बसली असती तर बंदी लागलीच नसती. एका महिन्याची ही चूक आम्ही तीन वर्षे फेडली.

लग्न झालं २०२२ च्या आखाजीनंतर. जावई ग्रीन कार्डवाले, म्हणजे तिकडे कायम राहायचा परवाना असलेले, पण नागरिक नव्हेत. त्यांनी ऑगस्टमध्ये आय-१३०, म्हणजे बायकोला बोलावून घ्यायचा अर्ज, भरला, आणि मग सुरू झाली ती घरातली चर्चा, जी आज तुमच्या घरी चालू असेल.

पहिला पर्याय आय-६०१, म्हणजे माफीचा अर्ज. फी १,०५० डॉलर (एप्रिल २०२४ पासूनचा दर), वकिलाचे पैसे त्याहून कितीतरी जास्त. पण खरी अडचण पैशाची नाही, क्रमाची आहे. इकडे बसलेल्या बायकोला हा अर्ज आधी भरता येत नाही. आधी आय-१३० मंजूर, मग फी आणि कागद, मग रांगेतून मुंबईची मुलाखत, तिथे अधिकाऱ्याने "तुम्ही अपात्र" असं लेखी द्यायचं, आणि त्यानंतर आय-६०१. मुलाखतीच्या वाटेला जोडून माफीची वाट. ती महिन्यांत नाही, वर्षांत मोजावी लागते. तोवर मेडिकलची मुदत संपते, ते पुन्हा करा.

त्यात सिद्ध काय करायचं? अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या नवऱ्याला, किंवा बायकोच्या तशाच आईवडिलांना, "असाधारण हाल" होतील हे. विरह धरत नाहीत. तो प्रत्येकालाच असतो म्हणतात. नवऱ्याचं गंभीर आजारपण, त्याच्यावर अवलंबून असलेली तिकडची म्हातारी आई, तो भारतात आला तर बुडणारं उत्पन्न, असं दोन्ही बाजूंनी दाखवावं लागतं : ती आली नाही तर काय, आणि तो तिकडून इकडे आला तर काय. मी नि तिची आई वरुडला बसून रडतो, याला या अर्जात जागा नाही. या प्रकारच्या माफीत लेकरांचे हालसुद्धा थेट मोजत नाहीत, त्यातून नवऱ्यावर काय येतं तेवढंच बघतात.

दुसरा पर्याय नुसती बंदी मोजणं. आणि इथे मला जे सांगायचं आहे ते आहे : ३ वर्षांची बंदी आणि व्हिसाची रांग एकमेकींच्या मागे नाही, शेजारी शेजारी चालतात. बंदी सुरू होते देश सोडल्याच्या दिवसापासून. आय-१३० मंजूर व्हायचा काळ, कागद तपासायचा काळ, मुलाखतीच्या रांगेचा काळ, हे सगळं त्या तीन वर्षांच्या बरोबरीनेच सरत जातं. आमची बंदी १० फेब्रुवारी २०२४ ला संपली, तेव्हा आमचा मुलाखतीचा नंबर दूरच होता. माफीवर एक पैसा खर्च झाला नाही.

म्हणून ३ वर्षांची बंदी असेल आणि त्यातलं वर्ष-दीड वर्ष निघून गेलं असेल, तर माझं मत स्पष्ट आहे, मोजा. १० वर्षांची असेल तर मोजत बसणं म्हणजे संसार वाळवणं, तिथे आय-६०१ ची तयारी पहिल्या दिवसापासून करा, मुलाखतीची वाट न बघता डॉक्टरांचे कागद गोळा करत राहा. आणि बंदी खोट्या माहितीमुळे असेल तर ती जन्माची असते, मोजायला काही उरतच नाही, माफीशिवाय रस्ता नाही. "मी अमेरिकेची नागरिक आहे" असं कुणी खोटं सांगितलं असेल, तर कायमच्या व्हिसासाठी बहुतेक वेळा तीही माफी नाही.

या खोट्यावरून आठवलं. डीएस-२६०, म्हणजे कायमच्या व्हिसाचा फॉर्म, आम्ही सेवा केंद्रातल्या कॉम्प्युटरवर भरत होतो. मुदतीपेक्षा जास्त राहिलात का, हा प्रश्न आला. शेजारी बसलेला एजंट म्हणाला, "नाही लिहा, कोण बघते." पोरीने माउसवरचा हात काढून घेतला. "बाबा, म्या दोनशे दिवस खाल्ले ना तिथं. काहून नाही लिहू?" तिने 'हो' केलं आणि खालच्या चौकोनात तारखा टाकल्या. त्या क्षणी 'नाही' दाबलं असतं, तर तीन वर्षांच्या बंदीची जन्माची बंदी होऊ शकली असती. त्या माणसाला आम्ही त्याच दिवशी हात जोडले.

आता ज्यांचा नवरा अजून एच-१बी वर आहे, त्यांचं गणित वेगळं. त्याला बायकोसाठी आय-१३० भरताच येत नाही, आणि त्याच्या हालांवर आय-६०१ ही मागता येत नाही, कारण तो नागरिकही नाही, ग्रीन कार्डवालाही नाही. पण त्याच्या बायकोकडे एक गोष्ट आहे जी आमच्या पोरीकडे नव्हती. एच-४ हा तात्पुरता व्हिसा असल्यामुळे त्याला दुसरी माफी चालते, वकील तिला डी-थ्री म्हणतात. तिला असाधारण हाल दाखवावे लागत नाहीत. तीन गोष्टी बघतात : हिला आत घेतल्याने धोका काय, पूर्वीची चूक किती गंभीर, आणि जायचं कारण काय. वेगळी फी नाही. मुलाखतीत अधिकाऱ्याने शिफारस केली तर फाईल तिकडच्या सीमा विभागाकडे जाते, काही महिने लागतात. शिफारस करणं मात्र त्याच्या मर्जीवर. मोर्शीकडच्या आमच्या एका भाचीला कसलीच बंदी नव्हती, ती सरळ एच-४ वर गेली, आणि आमच्या पोरीआधी लग्न होऊन तिकडे पोचलीसुद्धा. तिच्या सासूने हे मला तीनदा ऐकवलं.

पण एच-४ स्वस्त आणि लवकर म्हणून डोळे झाकून घेऊ नका. अर्जाची फी २०५ डॉलर, ते खरं. बोटांचे ठसे एका दिवशी, मुलाखत दुसऱ्या. तारीख तुम्हालाच ऑनलाइन शोधावी लागते, आणि मिळालेली तारीख टिकेलच असं नाही : १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ वाल्यांची सोशल मीडिया तपासणी सुरू झाली, तेव्हा भारतातल्या कित्येकांच्या ठरलेल्या मुलाखती महिनोन्‌महिने पुढे ढकलल्या गेल्या. शिवाय नवऱ्याचा आय-१४०, म्हणजे कंपनीने त्याच्या ग्रीन कार्डासाठी भरलेला अर्ज, मंजूर होईपर्यंत एच-४ वर सहसा नोकरी करता येत नाही. भाची बी.एड. आहे, सध्या घरी आहे. नवऱ्याची नोकरी गेली तर दोघांचाही मुक्काम हलतो.

ग्रीन कार्डवाल्या नवऱ्याची बायको जाते एफ२ए या वर्गात, आणि तिथे वर्षाला ठरावीकच जागा. दर महिन्याला व्हिसा बुलेटिन निघतं, त्यात तुमच्या आय-१३० ची तारीख आली की पुढे. २०२४ च्या शेवटी तो आकडा २०२१-२२ च्या उंबरठ्यावर रेंगाळत होता, आमची तारीख ऑगस्ट २०२२. नागरिकाच्या बायकोला मात्र जागांची मर्यादाच नाही. जावयांच्या ग्रीन कार्डाला २०२४ मध्ये पाच वर्षे झाली, त्यांनी नागरिकत्व घेतलं, तसं कळवलं, आणि आमची फाईल एफ२ए मधून उचलून सरळ पुढच्या वर्गात गेली. तोवर लग्नालाही दोन वर्षे होऊन गेली होती, म्हणून ग्रीन कार्ड पहिल्यापासून दहा वर्षांचं मिळालं, दोन वर्षांचं सशर्त नाही.

यात एक खाच आहे, ती लेकरंवाल्यांनी नीट वाचावी. एफ२ए मध्ये बायकोच्या अर्जामागे लहान मुलं आपोआप येतात. नवरा नागरिक झाला की बायको पुढे जाते, पण मुलं तिच्या मागे येत नाहीत, प्रत्येकासाठी वेगळा आय-१३० लागतो. नागरिकत्वाच्या आनंदात हे विसरलेलं एक कुटुंब मला माहीत आहे. आईचा व्हिसा हातात आणि पोरगं आजीकडे.

साखरपुडा झाला, लग्न बाकी, असे कुणी असतील तर के-१ चा, म्हणजे लग्नाआधीच्या नवरीच्या व्हिसाचा, विचार फक्त नवरा मुलगा नागरिक असेल तर. तिकडे गेल्यावर ९० दिवसांत लग्न, आणि ग्रीन कार्डासाठी पुन्हा १,४४० डॉलरचा वेगळा अर्ज. आमच्याकडे साखरपुड्याला निम्मं गाव जेवून जातं, मग लग्नच लावून टाका आणि आय-१३० भरा, हे मला बरं वाटतं. आय-१३० ऑनलाइन ६२५ डॉलर, कागदावर ६७५, पुढे ३२५ आणि १२० अशा दोन फी, शेवटी ग्रीन कार्ड छापायचे २३५.

बायको-नवऱ्याच्या कायमच्या व्हिसाच्या मुलाखतीला स्लॉट "मिळवायचा" नसतो. कागद पूर्ण असल्याचा शेरा मिळाला की तुम्ही रांगेत, तारीख तेच कळवतात. स्लॉट विकणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

रांगेतल्या रिकाम्या काळात एकच काम करा, नावं जुळवा. आपल्याकडे लग्नात पोरीचं नावही बदलतात, शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं. ग्रामपंचायतीच्या विवाह दाखल्यावर स्पेलिंग चुकलं तर ते पोरीच्या नाही, ग्रामसेवकाच्या मानेवर घाला आणि दुरुस्त करून घ्या. मी स्वतः असे कितीतरी चुकवले आहेत. जन्मनोंद सापडत नसेल तर नोंद नसल्याचा दाखला आणि थोरांची प्रतिज्ञापत्रं. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर, पोलिसांचा दाखला पासपोर्ट कार्यालयामार्फत. लग्नपत्रिका ठेवा, अगदी ती "आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं" वालीसुद्धा. आणि घरात कुणाला पूर्वी टीबी होऊन गेला असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातलं उपचाराचं कार्ड शोधून ठेवा. एक्स-रेमध्ये डाग दिसला तर थुंकीचं कल्चर करतात, त्यालाच आठ आठवडे जातात. उत्पन्नाची हमी तिकडच्या पगारावर बघतात, सातबारा दाखवून तिथे फारसं भागत नाही.

मुलाखतीला आम्ही रात्रीची अमरावती-मुंबई एक्स्प्रेस धरली. बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत मोबाईल आत नेऊ देत नाहीत, म्हणून मी रस्त्याच्या कडेला तिचा फोन, डबा आणि पिशवी धरून उभा. आत तिला विचारलं, २०२० मध्ये इतके दिवस का राहिलीस. तिने आत्याच्या ऑपरेशनचं सांगितलं, आय-९४ ची प्रत आणि पासपोर्टवरचा १२ फेब्रुवारी २०२१ चा मुंबई विमानतळाचा शिक्का दाखवला. अधिकाऱ्याने बोटांवर वर्षे मोजली, असं ती म्हणाली. मग विचारलं, स्वयंपाक कोण करतं, नवरा की तू? बाहेर आली तेव्हा हातात पासपोर्ट नव्हता, तो त्यांनी ठेवून घेतला होता. मला वाटलं हरवला.