अमाबिएचं शेवटचं अक्षर: जपानी डिजिटल संग्रह आठ महिने वापरल्यानंतर

तीन मेल टाकले, एकाचंही उत्तर नाही. जपानी जुनी चित्रं विकणाऱ्या एका संकेतस्थळाने मला न विचारता दुसऱ्या वर्षाची वर्गणी कापून घेतली. याच ठिकाणी मी अमाबिएचं, म्हणजे जपानी लोककथेतल्या एका समुद्री प्राण्याचं, चित्र पैसे मोजून घेतलं होतं, तेही मधोमध शिक्का मारलेलं. हे चित्र ज्या छापील पत्रकावर आहे, ते मूळ पत्रक क्योतो विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं आहे. त्यांच्या दुर्मिळ साहित्याच्या डिजिटल संग्रहात ते फुकट उतरवून घेता येतं, श्रेय दिलं की वापरताही येतं. हे आधी कळलं असतं तर पैसे वाचले असते. म्हणून लिहितेय.

पत्रक १८४६ चं. हिगो प्रांतात, म्हणजे आजच्या कुमामोतोत, समुद्रात रोज रात्री काहीतरी चमकायचं. अधिकारी बघायला गेला तेव्हा हा प्राणी वर आला: लांब केस, चोच, अंगभर खवले. सहा वर्षं पीक चांगलं येईल, पण रोगही पसरेल, माझं चित्र काढून लोकांना दाखवा, एवढं सांगून तो पुन्हा पाण्यात गेला. २०२० च्या साथीत जपानभर हेच चित्र फिरलं.

आता खरा मुद्दा: शोधपेटीत नाव कसं टाकायचं. पत्रकावर शेवटचं अक्षर जुन्या वळणाचं ‘वे’ आहे, आज तिथे ‘ए’ लिहितात. शिवाय अशाच दुसऱ्या पत्रकांत ‘अमाबिको’ येतं. नक्कल करताना ‘को’चं ‘वे’ झालं असावं, असं मानणारे अभ्यासक आहेत. काताकाना या जपानी लिपीत दोन्ही अक्षरं शेजारी लिहून बघा, पटेल. कप्पा या लोककथेतल्या पाण्यातल्या प्राण्याचंही तेच. कागोशिमाकडे तो गराप्पा, शिकोकूत एन्को. एकाच नावावर थांबलात तर बाकीचं सगळं निसटतं. माझे पहिले दोन महिने असेच गेले.

निचिबुनकेन या क्योतोतल्या जपान-अभ्यास संस्थेचा योकाई (भुतंखेतं, अद्भुत प्राणी) डेटाबेस मला सुरुवातीला अजिबात आवडला नव्हता. २००२ पासून चालू आहे, ३५,००० हून जास्त नोंदी आहेत, पण मूळ मजकूर नाही, नुसता चार ओळींचा सारांश. ते मत मी आता पूर्ण मागे घेते. प्रत्येक नोंदीवर प्रांत, लेखक, नियतकालिक, अंक असं सगळं असतं. तो पत्ता घेऊन जपानच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात जायचं. डिसेंबर २०२२ पासून तिथे लाखो पुस्तकांच्या आतल्या मजकुरातही शोधता येतं. मात्र छपाई बंद झालेली बरीच पुस्तकं घरबसल्या फक्त जपानात राहणाऱ्या नोंदणीकृत वाचकांनाच उघडतात. पुण्यात बसून ‘इंटरनेटवर खुलं’ ही खूण आधी बघायची, उगाच आशा लावायची नाही.

जुनी वळणदार लिपी अडली तर मिवो हे मोफत अ‍ॅप आहे. पानाचा फोटो काढला की अक्षरांवर आजची छापील अक्षरं उमटतात. मला पहिल्यांदा एक अख्खी ओळ लागली तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि मी आईला उठवून दाखवली.

वर्गणीसाठी बँकेत तक्रार केली आहे. पैसे परत आले तर इथेच कळवते.