गुण न येणारे उपचार : वैद्यकीय इच्छापत्र सल्लाकेंद्राचा अनुभव

आमच्या शहरातील एका धर्मादाय रुग्णालयात दर बुधवारी दुपारी वैद्यकीय इच्छापत्राविषयी सल्ला देणारे केंद्र चालते. पुढे असाध्य अवस्थेत स्वतः बोलता येत नसेल तेव्हा कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवलेला कागद म्हणजे वैद्यकीय इच्छापत्र. माझे वडील, ज्यांना आम्ही घरात अण्णा म्हणतो, 84 वर्षांचे असून भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झालेले आहेत. गेल्या पावसाळ्यात आम्ही दोघे या केंद्रात दोन वेळा गेलो आणि अण्णांचे इच्छापत्र तिथे तयार झाले. तिथे काय मिळते आणि काय मिळत नाही, हे सविस्तर लिहावेसे वाटले, कारण ही सेवा आपल्याकडे अजून नवी आहे आणि ज्याला तिची गरज वाटते त्याला आधी कोणाला विचारावे हेच समजत नाही.

आम्ही तिथे गेलो ते आईमुळे. सहा वर्षांपूर्वी तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि दुसऱ्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात ती 19 दिवस व्हेंटिलेटरवर होती. पाचव्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी स्कॅन दाखवून सुधारणेची आशा जवळजवळ नाही असे सांगितले आणि त्याच दुपारी, पुढे काय करायचे ते तुम्हीच ठरवा, असे म्हणून एक इंग्रजी फॉर्म आमच्यापुढे ठेवला. आईला काय हवे असते हे आमच्यापैकी कोणालाच सांगता येईना, कारण असले अभद्र बोलू नये म्हणून तो विषय घरात कधी निघालाच नव्हता. न्यू जर्सीत असलेला माझा भाऊ फोनवरून सगळे उपाय करा म्हणत होता, आणि मी रोज तिच्या उशाशी बसून तिचे सुजत चाललेले हात पाहत होते. दहाव्या दिवशी तिच्या बांगड्या निघेनात म्हणून परिचारिकेने त्या कापून काढल्या आणि कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हातात दिल्या. त्यानंतरचे नऊ दिवस आम्ही आईसाठी घालवले की स्वतःसाठी, या प्रश्नाचे उत्तर मला आजही देता येत नाही.

केंद्रात पहिल्या भेटीला सव्वा तास लागतो. तिथे एक उपशामक उपचारांच्या, म्हणजे असाध्य आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या डॉक्टर आणि एक समाजसेविका असतात. पहिला अर्धा तास कायदा समजावण्यात जातो आणि तो अजिबात कंटाळवाणा नसतो, हे आवर्जून सांगितले पाहिजे. डॉक्टरांनी सुरुवात अरुणा शानबाग यांच्यापासून केली. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील या परिचारिकेवर 27 नोव्हेंबर 1973 रोजी हल्ला झाला आणि 18 मे 2015 रोजी मृत्यू येईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना अन्न देणे थांबवावे अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2011 रोजी फेटाळली, मात्र असाध्य अवस्थेतील रुग्णाचे जीवरक्षक उपचार उच्च न्यायालयाच्या परवानगीने थांबवता येतील, ही वाट त्याच निकालाने मोकळी केली. ज्या परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या अरुणाताईंना अंगावर एक जखम होऊ न देता सांभाळले, त्यांना त्या जगायला हव्या होत्या, आणि न्यायालयाने त्यांच्या नात्याला मान दिला. स्वतः अरुणाताईंना काय हवे असते, हे विचारण्याची सोय मात्र कोणालाच उरली नव्हती. डॉक्टर म्हणाल्या की इच्छापत्राची सगळी गरज या एका वाक्यात आहे.

पुढचा कायदा असा आहे. 9 मार्च 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानून वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. दुरुपयोग होऊ नये म्हणून त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही आणि पुढे जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेले वैद्यकीय मंडळ अशा अटी घातल्या गेल्या, आणि त्या इतक्या जड ठरल्या की सामान्य माणसाला त्या पार करणे जवळजवळ अशक्य झाले. 24 जानेवारी 2023 रोजी न्यायालयाने स्वतःच ही वाट सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन पुरते, आपल्या वतीने बोलणाऱ्या एकाहून अधिक व्यक्तींची नावे देता येतात, आणि उपचार थांबवण्यापूर्वी रुग्णालयातील डॉक्टरांचे प्राथमिक मंडळ आणि जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या प्रतिनिधीसह बसणारे दुय्यम मंडळ, अशा दोन मंडळांनी शक्यतो 48 तासांत आपापले मत द्यायचे असते. कोणाच्या तरी मृत्यूची घाई झालेल्या नातेवाइकांपासून रुग्णाचे रक्षण करायचे आणि त्याच वेळी त्याची स्वतःची इच्छा कागदांच्या ढिगाखाली गाडली जाऊ द्यायची नाही, ही धोरण आखणाऱ्यांपुढची खरी अडचण आहे. 2018 मध्ये पारडे रक्षणाकडे फार झुकले होते, असे माझे मत झाले आहे.

कायद्याचा हा भाग एखाद्या वकिलानेही सांगितला असता. या केंद्राची खरी किंमत कळते ती त्यानंतर. वैद्यकीय नीतिशास्त्रात रुग्णाची स्वायत्तता, त्याचे हित, त्याला अपाय न करणे आणि न्याय अशी चार तत्त्वे सांगितली जातात. डॉक्टरांनी ती कागदावर लिहून दाखवली खरी, पण लगेच कागद बाजूला सारून त्यांनी मला वीस मिनिटे बाहेर बसायला सांगितले. मला ते आधी खटकले. आत समाजसेविकेने अण्णांना विचारले की घर कोणाच्या नावावर आहे, मालमत्तेचे मृत्युपत्र झाले आहे का, इथे येण्याची कल्पना कोणाची, आणि मुलीवर आपला भार पडतो असे वाटून तर ते हे करत नाहीत ना. अण्णा घरी आल्यावर म्हणाले, “मला राग आला होता, पण बाईंचे बरोबर होते. बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतलेल्या मी किती पाहिल्या आहेत. सगळ्या राजीखुशीच्याच असायच्या कागदावर.” चाळीस वर्षे जमिनीच्या वाटण्या पाहिलेल्या माणसाला संमती आणि सही यांतला फरक समजावून सांगावा लागला नाही. रुग्णाला एकटे भेटण्याचा हा नियम केंद्र कोणासाठीही मोडत नाही, आणि माझ्या मते त्यांच्या सगळ्या कामातली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

अण्णांनी मध्येच विनोबांचा विषय काढला. नोव्हेंबर 1982 मध्ये विनोबांनी पवनारला अन्न आणि औषध नाकारले तेव्हा अण्णा वर्धा जिल्ह्यात मोजणीच्या कामावर होते, आणि 15 तारखेला ते गेल्याची बातमी त्यांनी शेताच्या बांधावर ऐकली होती. हे तसेच आहे का, असे त्यांनी विचारले. डॉक्टरांनी शांतपणे सांगितले की विनोबा शुद्धीत होते आणि त्यांचा नकार त्यांनी स्वतः दिला. शुद्धीत असलेल्या सज्ञान माणसाला उपचार नाकारण्यासाठी कोणत्याही इच्छापत्राची गरज नसते. हा कागद बोलता येत नसेल त्या वेळेसाठी असतो, तो असाध्य अवस्थेपुरताच लागू होतो, इंजेक्शन देऊन मृत्यू आणण्याशी त्याचा काही संबंध नाही, कारण ते भारतात बेकायदेशीरच आहे, आणि व्हेंटिलेटर काढला तरी वेदना व धाप कमी करणारे उपचार शेवटपर्यंत चालूच राहतात. इतके स्पष्ट उत्तर मिळाल्यावर अण्णांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला.

सर्वांत अवघड चर्चा झाली ती दिवसांच्या संख्येवरून. अण्णांचे सारे आयुष्य साखळी आणि टेपने जमीन मोजण्यात गेले. त्यांना हद्द हवी होती. व्हेंटिलेटर सात दिवस, आठव्या दिवशी काढायचा, असे लिहा म्हणून ते अडून बसले. डॉक्टरांनी नाही म्हटले नाही. त्यांनी उदाहरण दिले की न्यूमोनियाने श्वास लागून व्हेंटिलेटरवर गेलेला माणूस कधी कधी दहाव्या-बाराव्या दिवशी सुधारून घरी जातो, आणि मेंदूला मोठी इजा झालेल्या माणसाच्या बाबतीत तिसऱ्या दिवशीच चित्र स्पष्ट असू शकते. मग आकडा नसेल तर डॉक्टर हवे तितके लांबवतील, हे अण्णांचे म्हणणेही खोटे नव्हते; आईच्या वेळी तसेच झाले होते. इथे स्वायत्तता एका बाजूला आणि हित दुसऱ्या बाजूला अशी सरळ ओढाताण होती, आणि दोघांचेही म्हणणे मला पटत होते. शेवटी असे लिहिले गेले की बरे होण्याची वाजवी शक्यता असेल तर व्हेंटिलेटर लावावा, दर तीन दिवसांनी डॉक्टरांनी माझ्या प्रतिनिधींना स्थिती समजावून सांगावी, आणि मी माणसे ओळखू शकेन व माझे म्हणणे सांगू शकेन अशी आशा उरली नाही असे मंडळांचे मत झाले तर उपचार पुढे ओढू नयेत. तीन दिवसांचा आकडा अण्णांचा आणि बाकीची भाषा डॉक्टरांची आहे.

भाषेवरून आठवले. केंद्राचा छापील मराठी नमुना वाईट आहे. तो इंग्रजीवरून शब्दाला शब्द ठेवून केलेला दिसतो आणि त्यात ‘निरर्थक उपचार’ असा शब्द चार ठिकाणी येतो. अण्णांनी तिथेच बोट ठेवले. त्यांचे म्हणणे असे की माणसासाठी केलेला उपचार निरर्थक कसा असेल. त्याने गुण येत नाही एवढेच म्हणा. डॉक्टरांनी पेन देऊन त्यांनाच दुरुस्ती करायला सांगितली आणि त्यांच्या प्रतीत चारही ठिकाणी ‘गुण न येणारे उपचार’ असे झाले. ही त्यांची उदारता मनापासून आवडली, तरी नमुना मुळातच चांगल्या मराठीत असायला हवा, कारण प्रत्येकाकडे असा हट्टी शब्दनिष्ठ बाप असेलच असे नाही.

एक शंका मी स्वतः विचारली. अतिदक्षता विभागातून उत्पन्न मिळवणारे रुग्णालयच असा सल्ला देत असेल तर हितसंबंधांचे काय? किंवा उलट, खाटा मोकळ्या करण्यासाठी तर हे चाललेले नाही? डॉक्टरांना प्रश्नाचा राग आला नाही. त्या म्हणाल्या की म्हणूनच इच्छापत्रात कोणत्याही रुग्णालयाचे नाव घालत नाही, प्रत रुग्णाकडे राहते, आणि त्यांच्या विभागातील कोणीही अतिदक्षता विभागाच्या निर्णयमंडळावर बसत नाही. हे उत्तर मला पुरेसे वाटले. परदेशातील भावाशी त्यांनी दुसऱ्या भेटीत व्हिडिओ कॉलवर पाऊण तास बोलणे केले. सुरुवातीला तो, हे म्हणजे आधीच हार मानणे आहे, असे म्हणाला. अण्णांनी त्याला आपला परिच्छेद वाचून दाखवला आणि मग आईच्या कापलेल्या बांगड्यांची गोष्ट सांगितली, जी मी त्याला सहा वर्षांत सांगू शकले नव्हते. प्रतिनिधी म्हणून आता आम्हा दोघांचीही नावे आहेत.

दोन भेटींचे मिळून 1500 रुपये घेतले, नोटरीचा खर्च वेगळा. या कामाला हे शुल्क जास्त नाही. नावनोंदणी फोनवर होते, पण वेळ मिळायला आम्हाला पाच आठवडे लागले.

केंद्र कमी पडते ते इच्छापत्र तयार झाल्यानंतर. 2023 च्या निर्देशांनुसार एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जपून ठेवायला द्यायची असते. मुंबईतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांच्या मुंबई उच्च न्यायालयातील जनहित याचिकेनंतर महाराष्ट्रात असे अधिकारी नेमले गेले. आमच्या भागात ते कोण, कुठे बसतात, हे केंद्राला सांगता आले नाही. मी तीन कार्यालयांत फिरले, आणि तिसऱ्या ठिकाणी एका लिपिकाने हे मालमत्तेचे मृत्युपत्र समजून मला निबंधक कार्यालयाकडे पाठवले. शेवटी पोच मिळाली ती सात आठवड्यांनी. रात्री दोन वाजता अण्णांना रुग्णवाहिकेतून नेण्याची वेळ आली तर ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरला हा कागद दिसणार कसा, याचेही समाधानकारक उत्तर केंद्राकडे नाही. डिजिटल आरोग्य नोंदीत इच्छापत्र जोडता येते असे न्यायालयाने म्हटले आहे, पण ते करून देण्याची व्यवस्था तिथे नव्हती. सध्या अण्णांच्या पाकिटात आधार कार्डामागे एक घडी केलेली चिठ्ठी आहे आणि तिच्यावर माझा फोन क्रमांक आहे. इतक्या विचाराने केलेले काम एका चिठ्ठीवर अवलंबून राहावे, याची मला खरोखर काळजी वाटते.

चौथे तत्त्व न्यायाचे, आणि त्या बाबतीत मला सर्वांत जास्त बोलायचे आहे. जो स्वतःच्या पायाने बुधवारी दुपारी येऊ शकतो, ज्याला रजा मिळालेली मुलगी सोबत आणू शकते, त्यालाच ही सेवा मिळते. आमच्या शेजारच्या काकू अर्धांगवायूने दोन वर्षे अंथरुणावर आहेत, बुद्धी पूर्ण शाबूत आहे, आणि अण्णांचा कागद पाहिल्यापासून त्या मला विचारत आहेत की त्यांनाही असा करता येईल का. तिसऱ्या मजल्यावरून त्यांना खाली आणायचे तर चार माणसे लागतात. घरी येऊन सल्ला द्यावा अशी लेखी विनंती मी केंद्राकडे दिली आहे. समाजसेविकेने ती वाचून वहीत नोंदवून घेतली, काकूंचे मजला-जिना सगळे विचारले आणि वरिष्ठांपुढे ठेवते म्हणाल्या. त्याला दोन महिने होत आले, उत्तर अजून आलेले नाही.